इंदूरला नवीन आहात? सराफ्याबद्दल थोडं

सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या सराफ बाजारात रात्री भरणाऱ्या खाऊगल्लीत, नुसती गर्दी आणि तेलकट खाणं, असं कुणी कुणी म्हणतं. शनिवारी रात्री गेलात तर तसंच वाटणार हो! मधल्या वारी, दहानंतर जा. सोन्याचांदीची दुकानं शटर ओढतात आणि त्यांच्याच पायऱ्यांशी कढया लागतात. आधी भुट्ट्याचा कीस घ्या: किसलेला मका दुधात शिजवलेला, वर लिंबू-कोथिंबीर. थंडीत गेलात तर गराडू चुकवू नका. कोनफळाच्या जातीचा कंद, तुकडे आधी तळून ठेवतात, गिऱ्हाईक आलं की पुन्हा कडक तळून वर जिरावण (इंदुरी चटपटीत मसाला) आणि लिंबू. गार झाला की मजा गेली, तेव्हा फोटो नंतर काढा.

पोहे मात्र सकाळचेच. पातेलं उकळत्या पाण्याच्या भांड्यावर ठेवलेलं असतं, त्या वाफेने ते तासन्‌तास मऊ राहतात. कांदा कच्चा, वरून मूठभर शेव, सोबत जिलबी. घरच्या कांदेपोह्यांशी तुलना केलीत तर फिके वाटतील. जिरावण जास्त मागून घ्या, कुणी नाही म्हणत नाही.

लहान मुलं बरोबर असतील तर सराफ्यापेक्षा छप्पन दुकान ही इंदूरचीच दुसरी खाऊगल्ली बरी, निवांत बसता तरी येतं.