कसारा जमला म्हणजे लेह जमेल? अर्धंच खरं

दर रविवारी सायकलवर कसारा घाट चढतोय, शिवाय मागे गाडी आणि मेकॅनिक असणार, मग मनाली-लेह सायकल मोहिमेला काय अडचण, असं काही जण म्हणतात. पायांपुरतं मान्य. माझेही पाय मुलुंड-इगतपुरी करूनच तयार झाले. पण इगतपुरी जेमतेम 600 मीटरवर, आणि मनाली-लेह वाटेवरची टागलांग ला ही खिंड 5,300 च्या वर. तिथे हवेचा दाब मुंबईच्या जवळपास निम्मा. चढ फार उभा नसतो, तरी पन्नास पेडल मारली की हँडलवर ओणवं होऊन धापा टाकायच्या.

खरी मेख मुक्कामांत आहे. पैसे भरण्याआधी रोज किती किलोमीटर ते नंतर विचारा, झोपायचं किती उंचीवर ते आधी विचारा. 3,000 मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची रोज साधारण 500 मीटरपेक्षा जास्त वाढू नये म्हणतात. आमच्या आयोजकांनी जिस्पाहून (3,200) दुसऱ्याच रात्री थेट सरचू (4,300) ठेवलं होतं. उंचीचा त्रास व्हायचा तो झालाच: रात्रभर डोकं ठणकलं, मॅगीचाही वास नको झाला. आमच्यातल्या एकाला तर सकाळी बुटाची नाडी बांधता येईना, तेव्हा गाइडने वाद न घालता त्याला गाडीत घालून खाली केलाँगला नेलं. मधे पटसेओला (3,800 च्या आसपास) एक रात्र हवीच होती.

आणि हो, मरीन ड्राइव्हवरचे अर्ध्या बोटांचे हातमोजे घरीच ठेवा. बारालाचा खिंडीच्या उतारावर थंडीने ब्रेक दाबायला बोटंच वळत नाहीत.