घरचेच सोडून जातात?

मानसिक आजाराच्या पेशंटबद्दल 'घरचेच पेशंटला सोडून जातात, मग सिस्टीम काय करणार' हे या चर्चेत वर दोन-तीन जणांनी लिहिलंय. सोडून जाणारे असतात, मान्य. पण घरी आणून जिवापाड सांभाळणाऱ्यांचं काय होतं ते कुणीच लिहिलं नाही. माझ्या आतेभावाला स्किझोफ्रेनिया (भास होणारा गंभीर मानसिक आजार) आहे, बाकीच्या गोळ्या लागू पडल्या नाहीत म्हणून क्लोझापिन चालू केलं. त्याने खरंच माणूस परत मिळाला, स्वतःहून आंघोळ, गोठ्यात काम, आत्याशी बोलणं. पण या गोळीने पांढऱ्या पेशी एकदम घसरू शकतात म्हणून सुरुवातीचे 18 आठवडे दर आठवड्याला रक्त तपासायचं असतं, आणि दोन दिवसांपेक्षा जास्त खंड पडला की आधी चालू असलेला डोस चालत नाही, पुन्हा साडेबारा मिलिग्रॅमपासून हळूहळू चढवत न्यावं लागतं.

आता तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात 'ही गोळी आमच्याकडे नाही, जिल्ह्याला जा' म्हणतात, पावसात एसटी बंद पडली की खंड पडलाच! मग परत आवाज ऐकू येणं, रात्र रात्र जागणं, आणि आत्याचं वय आता सत्तरीच्या पुढे. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात कलम 18 मध्ये स्पष्ट आहे की सरकारी यादीतली मानसिक आजाराची औषधं ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीपासून वर कायम मोफत मिळायला हवीत. तुमच्या तालुक्यात मिळत नसतील तर तोंडी विचारून परत फिरू नका, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.