फूलप्रूफ : ‘फुल’ नव्हे, ‘फूल’

प्रश्न : बातम्यांत ‘फुलप्रूफ योजना’, ‘फुलप्रूफ बंदोबस्त’ असं सर्रास येतं. म्हणजे पूर्ण पुराव्यानिशी पक्कं, असंच ना? मराठीत काय लिहावं?

– नाही. गल्लत दोन्ही टोकांना आहे. सुरुवातीचा शब्द ‘फुल’ म्हणजे पूर्ण नव्हे, ‘फूल’ म्हणजे मूर्ख. ऊ दीर्घच. (मराठी माणसाला आधी मोगरा आठवतो, त्याला इलाज नाही.) आणि ‘प्रूफ’ म्हणजे इथे पुरावा नव्हे, वॉटरप्रूफ, बुलेटप्रूफमधलाच तो, अमक्याला दाद न देणारा. मूर्खाच्या हाती दिलं तरी चुकायला वाव नाही, ते फूलप्रूफ. पुरावा ‘भक्कम’ असतो. बंदोबस्ताला ‘चोख’ आहेच की.

– ‘अचूक’ मात्र लिहू नका. अचूक घड्याळ बरोबर वेळ दाखवतं, पण ते लावणारा चुकणार नाही याची हमी त्यात नसते. तीन पिनांचा प्लग बघा : अर्थिंगची पिन जाड आणि एका बाजूला, त्यामुळे तो उलटा बसतच नाही, फेज-न्यूट्रलची अदलाबदल होत नाही. १६ अँपियरचा प्लग ६ अँपियरच्या साध्या सॉकेटात शिरत नाही. सिमकार्डाचा कापलेला कोपरा त्याच जातीचा.

– ‘फेलसेफ’शीही घोळ होतो. कुकरच्या शिट्टीच्या नळीत डाळ अडकली की सेफ्टी व्हॉल्व्ह वितळून वाफ सोडतो. बिघाड झालाच, फक्त स्फोट टळला, हे फेलसेफ. आतून बसणारं झाकण मात्र फूलप्रूफ : आत दाब असेपर्यंत ते उघडतच नाही.

प्रश्न : प्लग फूलप्रूफ म्हणता, पण उघड्या वायरी सॉकेटात घालून वर काडेपेटीच्या काड्या ठोकणाऱ्यांचं काय?

– म्हणूनच हे विशेषण ठरावीक चुकीपुरतं वापरावं. वरचा प्लग उलटा बसण्यापुरता फूलप्रूफ, काड्यांपुढे नाही.

– प्रतिशब्द ‘चूकरोधक’ बरा, ‘मूर्खरोधक’ नको. जपानमध्ये शिगेओ शिंगो या औद्योगिक अभियंत्यांनी १९६० च्या दशकात कारखान्यातल्या अशा युक्त्यांचं ‘बाका-योके’ हे नाव बदलून ‘पोका-योके’ केलं. ‘बाका’ म्हणजे मूर्ख, ‘पोका’ म्हणजे नजरचूक. कामगाराला मूर्ख म्हटलेलं कसं रुचेल? यंत्राच्या माहितीपत्रकात ‘चूकरोधक’ खपेल. बातमीत सरळ ‘चुकायला वावच नाही अशी योजना’ लिहा.