एक चिमूट कुठे सोडली?

बाबा चिपळूण आगारात कंडक्टर. चिपळूण–कऱ्हाड ही त्यांची कित्येक वर्षांची ड्युटी. ते गेल्यावर तिसऱ्या दिवशी आम्ही सावडायला गेलो, अस्थी मडक्यात भरल्या आणि घरात आणायच्या नसतात म्हणून मडकं फडक्यात बांधून परसातल्या आंब्याला टांगलं. आई दोन दिवस खिडकीतून तिकडेच बघत बसली होती. काकांना नाशिकच हवं होतं, रामकुंडात अस्थी विरघळतात म्हणून. आईने एवढंच सांगितलं, "कऱ्हाडला न्या, आणि घाटातनं न्या."

कऱ्हाडला प्रीतिसंगमावर कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भिडतात. तिथे सगळं रीतसर झालं, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. पण त्याआधी कुंभार्ली घाटात, जिथे इंजिन तापलं की बाबांची गाडी उभी राहायची, त्या वळणावर आम्ही थांबलो. मी एक चिमूट दरीत सोडली. वाऱ्याने निम्मी माझ्याच शर्टावर परत आणली. कुणाला काही बोलायला सुचेना, तेव्हा धाकट्या बहिणीने आमच्या गाडीच्या टपावर दोनदा थाप मारली. डबल बेल. मग निघालो.

तो शर्ट अजून धुतलेला नाही. तुम्हीही लिहा. विधीच्या घाटाबद्दल नको, त्या दुसऱ्या जागेबद्दल.

* * *

आमचं गाव कागल तालुक्यात. आण्णांनी हिंडते-फिरते असतानाच सांगून ठेवलेलं, "पंचगंगेत आधीच काय कमी घाण हाय? मला विहिरीच्या बांधावर घाला." भावकीतल्या दोघातिघांनी नाकं मुरडली, पण चुलत्यांनी साथ दिली. खड्डा काढला, सगळी रक्षा त्यात ओतली आणि वर आंब्याचं रोप लावलं. चार महिन्यांत रोप वाळलं. आईनं ते फार मनाला लावून घेतलं, आण्णांचा जीव अडकलाय म्हणायला लागली. मग रोपवाटिकेवाल्यानं समजावलं की राखेत क्षार भारी, नुसत्या राखेत मूळ धरत नाही. माती आणि शेणखत पुष्कळ पाहिजे, राख मूठभर.

पुढच्या पावसाळ्यात तोच खड्डा उकरला, ती माती बांधभर पसरली आणि थोडी बाजूला ठेवून तिच्यात केशर आंबा लावला. म्हणजे आण्णा आता सगळ्या बांधावर आहेत. यंदा पहिल्यांदा मोहर आलाय. पहिलं फळ कुणी खायचं यावर घरात एकमत नाही.

* * *

बाबा मालवणचे, पण शेवटची अकरा वर्षं आमच्याकडे न्यू जर्सीत. मासळीच्या दुकानात बांगडा दिसला की त्यांचा चेहरा उजळायचा. त्यांचं एकच वाक्य होतं, "जल्मभर मासे खाल्लंय, आता माशांनी माका खावंदेत." आम्ही हसण्यावारी न्यायचो.

इथे समुद्रात रक्षा सोडायला किनाऱ्यापासून निदान तीन सागरी मैल, म्हणजे साधारण साडेपाच किलोमीटर आत जावं लागतं, आणि नंतर तीस दिवसांत पर्यावरण खात्याला कळवावं लागतं. फुलं चालतात, प्लास्टिकचं काही चालत नाही. होडीवाला ग्रीक म्हातारा होता. त्याने न सांगता इंजिन बंद केलं आणि टोपी काढली. अर्धी रक्षा तिथे सोडली. उरलेली मालवणला नेली, दांडीच्या किनाऱ्यावर. तिथे कुणाला काहीच कळवावं लागलं नाही. शेजारची मावशी तेवढी म्हणाली, "इलो काय तुझो बापूस?"

* * *

आमच्याकडे हे जमलं नाही. आईला शाळेच्या मैदानात, जिथे तिने अठ्ठावीस वर्षं कवायत घेतली, तिथे स्वतःची थोडी रक्षा हवी होती. मोठा भाऊ म्हणाला, माणसाचे असे वाटे करायचे नसतात, गती मिळत नाही. भांडायला अंगात त्राण नव्हतं. सगळं आळंदीला इंद्रायणीत गेलं. आता शाळेवरून जायची वेळ आली की मी दुसऱ्या रस्त्याने जाते.

* * *

वरच्या ताईंना: वाटे करण्याचं म्हणाल तर नेहरूंनी मृत्युपत्रातच लिहून ठेवलं होतं, मूठभर गंगेत आणि बाकीची विमानातून शेतांवर. १९६४ साली तसंच केलं गेलं. भावाला ऐकवा, उपयोग होणार नाही म्हणा.

* * *

इंग्लंडमधल्या लेस्टरहून लिहितेय. इथे सावडणं नाहीच. दहन व्हायलाच दहा दिवस लागले, आणि हातात आली ती बारीक पूड, डब्यात भरलेली, वर आईचं नाव छापलेलं. हाडं यंत्रात दळतात. हे कुणीतरी आधी सांगायला हवं होतं, मी अस्थी शोधत बसले होते. सोअर नदीवर इथले हिंदू जातात, तिथे सोडली. एक लहान डबी सांगलीला नेऊन आयर्विन पुलाजवळ कृष्णेत सोडली. त्या पाण्यात ती पोहायला शिकली होती.

* * *

वडील लालबागच्या गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर. १८ जानेवारी १९८२ ला संपावर गेले ते परत आत गेलेच नाहीत. गिरणी बंद पडली, आज तिथे मॉल आहे. दर खेपेला बसमधून जाताना म्हणायचे, "भोंगा बघ, बंद आहे." जणू उद्या सुरू होणार.

अस्थी गावी, खाडीत गेल्या. मी एक चिमूट कागदाच्या पुडीत ठेवली आणि मॉलमध्ये गेलो. दारात बॅग तपासली, पुडी खिशात होती. आत माती कुठे असणार? शेवटी सरकत्या जिन्याशेजारी एक मोठी कुंडी दिसली. झाड खरं आहे का ते आधी बोटाने चाचपलं, कारण प्लास्टिकच्या झाडाखाली ठेवायला मन होत नव्हतं. खरं होतं. वॉचमन आला, "काय टाकलं?" मी म्हटलं, "खत." तो आमच्याच बाजूचा निघाला, बोलण्यावरून कळलं. काही क्षण बघत राहिला, मग म्हणाला, "पाणी सोमवारी घालतात."