लहान मुलं आणि महागडं रिसॉर्ट : पैसे कुठे वसूल होतात, कुठे बुडतात? अनुभव लिहा

घरात पाच-सहा वर्षांच्या आतलं मूल असताना महागड्या रिसॉर्टात जावं का, असं कुणालाही विचारा, उत्तरं दोनच मिळतात. 'कशाला, मुलांना काय कळतंय त्यातलं!' नाहीतर 'जाच, तुम्हालाही विश्रांती हवीच ना!' गंमत म्हणजे दोन्ही उत्तरं देणाऱ्यांची मुलं मोठी झालेली असतात. म्हणून हा धागा. ज्यांची मुलं अजून बोट धरून जिना उतरतात त्यांनी लिहा. बाकीच्यांनीही लिहा, पण तेव्हाचं आठवून खरं खरं लिहा. रिसॉर्टचं नाव नको, उगाच भांडणं होतात. खर्चाचा आकडाही नको, 'वर्षभर जाणवला' एवढं पुरे.

सुरुवात मी करते. थोरली पाचची, धाकटा दोनचा. माझं मत आधीच सांगून टाकते. लहान मुलं असताना जास्तीचे पैसे मोजायचेच असतील तर ते दारासाठी मोजावेत. बुकिंग करताना आपण फोटो बघतो ते पूलचे, बागेचे, समुद्राकडे तोंड असलेल्या गॅलरीचे. पण धाकट्याची झोपायची वेळ साडेसात. सगळे एकाच खोलीत, म्हणजे साडेसातला दिवे बंद. मग नवरा कमोडच्या झाकणावर आणि मी टबच्या काठावर, असे आम्ही बाथरूममध्ये मोबाइलच्या उजेडात कुजबुजत बसायचो. ज्या गॅलरीसाठी एवढे पैसे मोजले तिथे जायची सोय नाही, कारण तिचं सरकतं दार करकरायचं आणि धाकटा ताडकन उठून बसायचा. पुढच्या खेपेला समुद्राचा हट्ट सोडला. साधारण तेवढ्याच पैशात पार्किंगकडे तोंड असलेली, पण मधे दार असलेली दोन खोल्यांची जागा मिळाली. संध्याकाळभर पार्क केलेल्या गाड्या बघत बसलो, पण पाय पसरून बसलो आणि माणसासारखं मोठ्याने बोललो!

आता तुम्ही लिहा.

जुळ्यांचा बाबा

बाथरूमला अगदी अगदी! आमच्याकडे तर तिथेच जेवण मागवलं होतं.

मी पूलबद्दल लिहितो. जाहिरातीत पूलच्या कडेला आरामखुर्चीवर पहुडलेले आईबाप दाखवतात. तीन वर्षांची दोन पोरं असताना त्या खुर्चीवर फक्त टॉवेल पहुडतो. लहान मूल बुडतं तेव्हा ते ओरडत नाही, हातपायही फारसे मारत नाही. श्वास घ्यायचीच मारामार असते, तर हाक कुठून मारणार? गप्पकन खाली जातं. जगभर एक ते चार वर्षांच्या मुलांच्या मृत्यूंच्या मोठ्या कारणांमध्ये बुडणं आहे, आणि दंडाला बांधायचे हवेचे फुगे हे खेळणं आहे, जीव वाचवायचं साधन नव्हे. पोहता न येणारं मूल पाण्यात असेल तर मोठं माणूस हाताच्या अंतरावर हवं, तेही पाण्यात, काठावर नव्हे.

खरा घोटाळा होतो तो चार मोठी माणसं हजर असताना. प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय. आमच्याकडे यावर एक लाल टोपी आहे. ज्याच्या डोक्यावर टोपी त्याची पाळी. मोबाइल नाही, गप्पा नाहीत, सरबताचा ग्लास नाही. वीस मिनिटांनी टोपी दुसऱ्याच्या हातात द्यायची, आणि 'घेतली' असं त्याने तोंडाने म्हणायचं. सासरेबुवा पहिल्यांदा हसले. दुसऱ्या दिवसापासून तेच घड्याळ लावून टोपी मागायला लागले. या पद्धतीने बाकीच्या तिघांना खरोखरच खुर्ची मिळते. आराम पाळीपाळीनेच मिळतो, पण मिळतो.

एकटी आई

वरच्या पोस्टी वाचून 'टोपी कुणाला देऊ' असा प्रश्न पडला! मुलगा चार वर्षांचा, मोठी माणूस मी एकटीच. पूलवर असताना मला बाथरूमला जायचं असलं की काय करायचं? त्याला बाहेर काढायचं, पुसायचं, तो रडणार, ओले कपडे ओढत दोघांनी जायचं, परत यायचं, परत क्रीम लावायचं. पाणी कमी प्यायला लागले शेवटी. आणि दर बघाल तर बहुतेक ठिकाणी खोलीचा भाव दोन मोठी माणसं धरूनच असतो. एक मोठं आणि एक मूल गेलं तरी बिलात फारसा फरक नाही.

तरीही माझं मत : वसूल. रोज सकाळी उठून 'आज काय करायचं खायला' हा विचार करायचा नव्हता. मुलाने दूध सांडलं, मी सवयीने फडकं शोधायला उठले, तर एक मुलगा आला, 'बसा तुम्ही' म्हणाला आणि पुसून गेला. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. दूध पुसल्याबद्दल! ज्यांच्याकडे दोन मोठी माणसं आहेत त्यांना याची किंमत कळणार नाही, सॉरी.

वाचनमात्र

+१. कुणीतरी आपल्यामागे पुसतंय, या एकाच गोष्टीसाठी मी पैसे मोजीन.

आजोबा

मंडळी, आमचीही बाजू मांडतो. मुलगा-सून म्हणाले, 'बाबा, तुम्ही दोघंही चला, मजा येईल.' गेलो. पहिल्या संध्याकाळी दोघं तयार होऊन आले, 'आम्ही जरा जेवून येतो, मुलं झोपलीच आहेत.' दुसऱ्या संध्याकाळीही तेच. तिसऱ्या संध्याकाळी आमची ही त्यांच्या आधी तयार होऊन दारात उभी! तक्रार नाही, नातवंडं सांभाळायला आम्हाला आवडतं. पण निघायच्या आधी बोलून घ्या की बाबांनो. कोणती संध्याकाळ कुणाची, हे घरीच ठरवा. आमच्याही पायांना मालिश हवं असतं.

बाकी एवढा डामडौल, पण नातू रमला तो लिफ्टमध्ये. बटण दाबायचं, दिवा लागतो, दार उघडतं. नातीने तर लॉबीतलं बूट पुसायचं यंत्र सोडलं नाही. अनवाणी पायांनाही पॉलिश करून घेतलं.

जुळ्यांचा बाबा

आजोबा, साष्टांग! आजी दारात उभ्या, हे चित्र डोळ्यांसमोर आलं.

पूर्वी किड्स क्लबात कामाला

लग्नाआधी काही वर्षं एका रिसॉर्टच्या किड्स क्लबात होते, आता स्वतःची लेक घेऊन पलीकडच्या बाजूला उभी असते. त्यामुळे दोन्हीकडचं लिहिते.

मुलांना सांभाळून आईबापांना मोकळं करायचं, ही कल्पना जुनी आहे. क्लब मेड या कंपनीने १९५० मध्ये मायोर्का बेटावर तंबू ठोकून सुरुवात केली आणि १९६७ मध्ये मुलांसाठी मिनी क्लब काढला. आता बहुतेक मोठ्या रिसॉर्टांत असा क्लब असतो, पण माहितीपत्रकात 'किड्स क्लब' हे दोनच शब्द ठळक असतात. खाली बारीक अक्षरात 'चार वर्षे पूर्ण' लिहिलेलं असतं. त्याहून लहान असेल तर पालकांपैकी एकाने सोबत बसायचं. म्हणजे ज्यांना सगळ्यात जास्त गरज, नेमके तेच बाहेर. डायपर लागत असेल तरी अनेक ठिकाणी घेत नाहीत. पैसे भरायच्या आधी फोन करून विचारा. वयाची अट काय, एका ताईमागे किती मुलं, मुलाला न्यायला येणाऱ्याची सही घेता का, आणि मुलांना पूलवर नेता का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर गुळमुळीत आलं तर माझी लेक तिथे जाणार नाही.

आता आईबाबांसाठी. मूल दारात रडतं, तुमचा पाय निघत नाही. ते बहुतेक वेळा तुम्ही दिसेनासे झालात की थोड्याच वेळात गप्प होतं आणि रंगांच्या डब्याकडे वळतं. मग पाच मिनिटांनी तुम्ही खिडकीतून डोकावता. झालं, पुन्हा पहिल्यापासून! आम्ही त्या खिडकीला आतून चित्रं चिकटवली होती, शोभेसाठी नाही. मात्र अर्ध्या-पाऊण तासानेही रडायचं थांबलं नाही तर आम्ही फोन करतो, तेव्हा मुकाट्याने या आणि घेऊन जा. 'पैसे भरलेत' हे मुलाला सांगून उपयोग नसतो.

डॉक्टर, आणि दोन मुलांची आई

सुट्टीवर असताना कुणी 'जरा बघता का' म्हटलं की मी दुसरीकडे बघते, पण इथे लिहिते.

पूलला जो 'क्लोरीनचा' वास येतो तो स्वच्छतेचा समजू नका. क्लोरीनचा घामाशी आणि लघवीशी संयोग झाला की क्लोरामाइन्स तयार होतात, डोळे चुरचुरतात ते त्यांनी. वास जितका उग्र तितकं पाणी जास्त 'वापरलेलं'. पोहायचे डायपर लघवी धरत नाहीत, आणि पातळ शी तर मुळीच नाही. मुलाला जुलाब होत असतील तर पाण्यात उतरवू नका, कितीही पैसे भरले असले तरी. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी नीट क्लोरीन घातलेल्या पाण्यातही आठवड्याहून जास्त तग धरतो. तुमच्या एका दुपारच्या हट्टापायी दहा घरची मुलं आजारी पडतात. गरम पाण्याच्या जकुझीत पाच वर्षांखालच्या मुलांना बसवू नका, त्यांचं अंग फार लवकर तापतं. सनस्क्रीन उन्हात जायच्या पंधरा मिनिटं आधी, मग दर दोन तासांनी आणि पाण्यातून बाहेर आल्यावर पुन्हा. सहा महिन्यांच्या आतलं बाळ सावलीतच बरं.

शंकेखोर बाबा

जरा विरोधी सूर लावतो. मोठेपणी बहुतेकांची पहिली आठवण तीन-साडेतीन वर्षांच्या आसपासची असते. म्हणजे दोन वर्षांच्या पोराला तुम्ही महालात ठेवा की मावशीकडे, पुढे त्याच्यासाठी दोन्ही सारखंच. मग 'मुलांसाठी जातोय' हे कशाला म्हणायचं? आमच्या साहेबांना काय आवडलं तर खोलीतल्या कपाटात बसणं. कपाट घरीही आहे!

आणि मोठ्यांचं म्हणाल तर २०१० साली नेदरलँड्समध्ये दीड हजारांवर लोकांचा अभ्यास झाला होता. सुट्टीला जाणारे लोक निघायच्या आधी इतरांपेक्षा आनंदी होते. परत आल्यावर फरक जवळजवळ उरला नव्हता. अपवाद फक्त ज्यांची सुट्टी 'अतिशय निवांत' गेली त्यांचा. लहान मुलं घेऊन अतिशय निवांत? असो.

धागाकर्ती

शंकेखोर, अर्धं मान्य. मुलांसाठी जातो हे मीही म्हणत नाही, आमच्यासाठीच जातो. पण आठवण राहिली नाही म्हणजे तो दिवस गेलाच नाही असं कसं? मग पहिला वाढदिवस तरी कशाला करायचा? आणि तुमच्या त्या अभ्यासाचं ऐकायचं तर निघायच्या आधीचे दिवसच सगळ्यात गोड. म्हणजे बुकिंग सहा महिने आधी करावं!

शंकेखोर बाबा

आणि आदल्या दिवशी रद्द करावं. पैसे परत मिळत असतील तर.

स्वमग्न मुलाचा बाबा

रद्द करण्यावरून आठवलं. आमचा मुलगा सहा वर्षांचा, स्वमग्न आहे. आवाज सहन होत नाहीत. एका ठिकाणी बुफेच्या हॉलमध्ये भांड्यांचा खणखणाट, त्यात रोज रात्री लाऊडस्पीकरवर मुलांचे खेळ. आधी विचारलं होतं तेव्हा 'शांत परिसर' म्हणाले होते. मधूनच निघून आलो, उरलेल्या दिवसांचे पैसे बुडाले.

दुसऱ्या ठिकाणी मात्र फोनवरच्या बाईंनी स्वतःहून विचारलं, 'त्याला काय काय त्रासदायक होतं?' बुफे उघडायच्या आधी वीस मिनिटं आम्हाला आत सोडायचे. रिकाम्या हॉलमध्ये तो हात मागे बांधून प्रत्येक झाकण उघडून बघायचा, एखाद्या साहेबासारखा. एवढा खुशीत मी त्याला घराबाहेर क्वचितच पाहिलाय. हे ठिकाण पहिल्यापेक्षा स्वस्त होतं. तेव्हा माझ्यापुरतं रिसॉर्ट निवडायचं ते फोन उचलणाऱ्या माणसावरून.

पहिलटकर

वाचतेय, आणि घाबरतेय! पुढच्या महिन्यात निघतोय, लेक पावणेदोनची. बुकिंग झालंय. काय काय न्यावं? दिसायला किरकोळ पण नसलं की पंचाईत होते, असं सांगा.

एकटी आई

दोन वर्षांच्या आत आहे ना, मग विमानात मांडीवर बसवता येईल. पण परतीच्या आधी दोन पूर्ण होत नाहीत ना, ते बघ. झाली तर परतीला स्वतंत्र सीट लागते.

जुळ्यांचा बाबा

तळमजल्याची खोली मागा, किंवा वरची असेल तर गॅलरीच्या कठड्याच्या गजांत किती अंतर आहे ते गेल्या गेल्या बघा. कठड्याजवळ खुर्ची-टेबल असेल तर आत ओढून घ्या. आणि पूलला कुंपण आहे का, फाटक आपोआप लागतं का, हे फोनवरच विचारा.

धागाकर्ती

काळ्या कचऱ्याच्या पिशव्या आणि चिकटपट्टी! रिसॉर्टच्या पडद्यांच्या मधोमध फट असतेच, पहाटे तिच्यातून उन्हाची तिरीप बरोबर पाळण्यावर येते. काचेला पिशव्या चिकटवून टाक, तासभर जास्त झोपेल. निघताना आठवणीने काढ. आम्ही एकदा विसरलो, तर सफाईवाल्या ताई पिशवी हातात घेऊन गाडीपर्यंत पळत आल्या होत्या, काहीतरी महत्त्वाचं राहिलं म्हणून.