आयसीयू सोडायचंय, नर्सिंग नाही. कुठे वळू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, नऊ वर्षं आयसीयूत काढली, आता पाठ साथ देत नाहीये. दर दोन तासांनी पेशंटची कूस बदलायची, त्यात व्हेंटिलेटरच्या नळ्या सांभाळायच्या, आणि नाईट झाल्या की पुढचे दोन दिवस डोकं जड. घरचे म्हणतात नर्सिंगच सोड. ते मला नाही पटत. मॉनिटरचा सूर जरा बदलला तरी मान आपोआप वळते, ही इतक्या वर्षांत कमावलेली नजर अशी टाकून कशी देऊ?

म्हणून नर्सिंगमध्येच दुसरी वाट शोधतेय.

ओटीचा (ऑपरेशन थिएटरचा) विचार केला होता पण ऑपरेशनमध्ये सर्जनच्या हाती अवजारं देणाऱ्या स्क्रब नर्सला तासन् तास उभं राहावं लागतं म्हणजे पाठीचं दुखणं तेच. सर्क्युलेटिंगला, म्हणजे थिएटरमध्ये फिरून लागेल ते आणून देणाऱ्या नर्सला, निदान हालचाल असते, तरी मन लागेना.

डायलिसिस मात्र मनात बसलंय. तेच पेशंट आठवड्यातून तीनदा, दर वेळी चारेक तास, वर्षानुवर्षं. आयसीयूत पेशंट सुधारला की वॉर्डात जातो आणि पुढे त्याचं काय झालं ते आपल्याला कळतच नाही, ही खंत मला कायम राहिलीय. डायलिसिसच्या सिस्टर फिस्टुलावर (डायलिसिससाठी हातात धमनी आणि शीर जोडतात त्या जागी) नुसता हात ठेवून सांगतात की आज थ्रिल, म्हणजे रक्त वाहताना लागणारी थरथर, कमी लागतेय. असं एखाद्या माणसाला ओळखणं मला हवंय. पण नेहमीच्या पेशंटपैकी एक दिवस कुणी आलंच नाही तर ते कसं सोसता तुम्ही?

दुसरी ओढ इन्फेक्शन कंट्रोलची. आमच्याकडे ज्या सिस्टर होत्या त्या रोज राउंडला एकच विचारायच्या, 'ही सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घातलेली नळी) आज खरंच हवीय का? हा कॅथेटर अजून का ठेवलाय?' तेव्हा कामाच्या घाईत राग यायचा. नंतर लक्षात आलं की ज्या पेशंटला लाइनमधून इन्फेक्शन झालंच नाही तो कधी कुणाला दिसत नाही, त्यामुळे त्यांच्या कामाचं श्रेयही कुणी दिलं नाही. फक्त भीती एकच, कालपर्यंतच्या मैत्रिणींना मी आता चुका काढणारी वाटेन का?

शिकवणं, क्लिनिकल रिसर्च, हॉस्पिटलच्या सॉफ्टवेअरचं इन्फर्मॅटिक्स हेही आहे पण तिथे पेशंटचा हात हातातून सुटतो. नर्स प्रॅक्टिशनरचं खूप आकर्षण आहे, १९६५ साली लॉरेटा फोर्ड या नर्सने हेन्री सिल्व्हर या डॉक्टरांबरोबर त्याचा पहिला कोर्स सुरू केला, नर्सने स्वतः तपासून निर्णय घ्यायचा ही कल्पनाच मला फार मोठी वाटते. पण त्याला पुन्हा मास्टर्सची तयारी हवी, आणि तेवढी ताकद आत्ता नाही.

तर ज्या ताया-दादांनी आयसीयूतून डायलिसिस किंवा इन्फेक्शन कंट्रोलला बदली घेतली त्यांनी कृपया सांगा, पाठीला खरंच आराम पडला का? आणि पहिले सहा महिने पुन्हा नवशिके झाल्यासारखं वाटलं तेव्हा कसं निभावलंत?