मदत हवी आहे: चिठ्ठीवरच्या 'एच.एस.'ला मराठीत काय लिहावं?

सोलापूरच्या पूर्व भागात आमचं औषधांचं दुकान आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच्या लॅटिन खुणांचा मराठी तक्ता काउंटरवर लावायचाय. बी.डी. म्हणजे 'बिस दिए', दिवसातून दोनदा. टी.डी.एस. तीनदा. ए.सी. जेवणाआधी, पी.सी. जेवणानंतर. इथवर अडचण नाही.

अडलंय एच.एस.पाशी. आम्ही वर्षानुवर्षं पाकिटावर 'रात्री' लिहून चंद्रकोर काढतो. पण मूळ शब्द 'होरा सोम्नी', म्हणजे झोपेची वेळ; त्यात रात्र कुठेच नाही. आमचं निम्मं गिऱ्हाईक यंत्रमागावरचं. परवा रात्रपाळीच्या एका काकांनी झोपेची गोळी चंद्रकोर बघून रात्री नऊला घेतली आणि तसेच मागावर जाऊन उभे राहिले. सुदैवाने हात वाचला. तेव्हापासून ती चंद्रकोर काढायला हात धजत नाही.

नुसतं 'झोपताना' लिहून पाहिलं. तर एक मावशी दुपारी पडल्या तेव्हाही घेऊन बसल्या.

एस.ओ.एस.चंही तसंच. 'सि ओपुस सित', गरज असेल तर. 'लागेल तशी' लिहिलं की लोक हवी तितकी घेतात.

शंका आली की डॉक्टरांना फोन करतोच, ते सांगू नका. मला तक्त्यावरचे शब्द हवेत. जागा एका ओळीची, आणि बऱ्याच घरांत तेलुगू बोलतात, म्हणून मराठी अगदी सोपं हवं. रात्रपाळीवाल्यालाही चुकणार नाही असं एच.एस.साठी आणि मोजूनमापून घ्यायला लावेल असं एस.ओ.एस.साठी तुम्ही काय लिहाल?